निंबोळीची साक्ष

१९६२ साली दिल्लीवर टोळधाड आली, तेव्हा पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कीटकशास्त्र विभागाने एक अगदी साधा प्रयोग करून पाहिला. निंबोळीच्या बीतील मगज वाटून पाण्यात कालवला आणि ते पाणी संस्थेच्या शेतातील उभ्या पिकांवर फवारले. प्रमाण होते ०.१ टक्का, म्हणजे लिटरभर पाण्याला एक ग्रॅम मगज. टोळ आले आणि फवारलेल्या पिकांवर बसलेही, परंतु त्यांनी ती पिके खाल्ली नाहीत.

विभागाचे प्रमुख डॉ. एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी जोतवानी व राय यांनी त्याच वर्षी 'इंडियन फार्मिंग' या नियतकालिकात हा अनुभव प्रसिद्ध केला. निंबोळी टोळांना 'परावृत्त' करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळी हा शब्द वापरण्यास थोडे धैर्य लागत असावे. कारण कीटकनाशक म्हणजे कीटकांचा नाश करणारे द्रव्य, आणि त्याची परीक्षा म्हणजे चोवीस तासांत शंभरांपैकी किती कीटक मेले याची मोजणी, हे समीकरण पक्के झालेले होते. टोळांवर बीएचसीची भुकटी उधळली जात होती आणि मेलेल्या टोळांचे खच डोळ्यांना दिसत होते. त्या मापाने पाहिले तर निंबोळी नापासच ठरते. तिच्या पाण्याने टोळ मरून पडत नाही. तो फक्त उपाशी राहतो आणि पुढे निघून जातो. प्रधानांनी मोजायची गोष्टच बदलली. किती कीटक मेले यापेक्षा किती पीक वाचले, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक नेमका होता.

आज कमी जोखमीच्या, घरगुती किंवा नैसर्गिक घटकांपासून बनवलेल्या कीटकनाशकांविषयी पुष्कळ बोलले जाते. त्या चर्चेत कडुनिंबाचा उल्लेख हटकून होतो, आणि बहुधा तो 'आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होतेच' या वाक्यापाशी येऊन थांबतो. ठाऊक असणे म्हणजे नेमके काय, हाच या इतिहासातील खरा वादाचा मुद्दा आहे. त्यावर प्रयोगशाळेत वाद झाला, बाजारात झाला आणि शेवटी परदेशातील पेटंट कार्यालयातही झाला.

परंपरेजवळ काय होते, हे आधी पाहू. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे, कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या पेटाऱ्यात वाळलेली पाने ठेवणे, शेतात निंबोळी पेंड मिसळणे या चाली देशाच्या अनेक भागांत होत्या. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त झाडांच्या रोगांवर आणि किडींवर मोहरी, मिरे, हिंग, वावडिंग, वेखंड अशा स्वयंपाकघरातल्या आणि औषधपेटीतल्या वस्तूंची धुरी सांगितली आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलीयन ग्रंथालयात होते. त्याची प्रत मिळवून डॉ. य. ल. नेने यांच्या एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने १९९६ साली नलिनी साधले यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. हा ठेवा मोलाचा आहे. मात्र त्यात मात्रा क्वचित येते. फवारा न दिलेल्या शेजारच्या वाफ्याशी तुलना तर येतच नाही. शिवाय परंपरेचा भर बव्हंशी पाल्यावर होता, आणि कीटकांना रोखणारे मुख्य द्रव्य पाल्यापेक्षा बीमध्ये कितीतरी अधिक असते. कणगीतला पाला निरुपयोगी होता असे नाही. पण झाडाचे खरे सामर्थ्य अंगणात पडून कुजणाऱ्या निंबोळीत होते.

त्या निंबोळीच्या तेलाकडे आधुनिक रसायनशास्त्राची पहिली महत्त्वाची नजर वळली ती भारतातच. सलीमुज्जमाँ सिद्दीकी हे बाराबंकीजवळच्या गावात जन्मलेले, फ्रँकफुर्टला शिकलेले आणि हकीम अजमल खान यांच्या प्रोत्साहनाने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात वनौषधींचे रसायन शोधणारे शास्त्रज्ञ. सर्पगंधेपासून त्यांनी अजमलीन वेगळे केले होते. १९४२ साली त्यांनी निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनीन आणि निंबिडीन ही तीन कडू द्रव्ये वेगळी केल्याची टिपणी 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली. कडूपणा ही जिभेवरची एक गोष्ट न राहता बाटलीत भरता येणारे स्फटिक झाली. सिद्दीकींची वाट औषधांची होती, पिकांची नव्हती. कीटकांवर त्या द्रव्यांची परीक्षा हा त्यांचा विषय नव्हता. १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि तिथल्या विज्ञानसंस्थांच्या उभारणीत त्यांचे पुढचे आयुष्य गेले. त्यांनी वेगळी केलेली द्रव्ये कीटकांना रोखणारे मुख्य द्रव्य नव्हती. ते द्रव्य सापडायला आणखी २६ वर्षे लागली.

मधल्या काळात नैसर्गिक कीटकनाशकांची एकूण बाजारपेठच कोसळली होती, आणि त्यामागे काही कटकारस्थान नव्हते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास इलाख्यात पट्टुकोट्टई येथे पॉल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणारा पायरेथ्रम घराघरांत फवारून हिवताप आटोक्यात आणता येतो, हे दाखवले होते. पायरेथ्रम डासांना झटक्यात पाडतो आणि माणसाला फारसा बाधत नाही. पण उन्हात आणि उजेडात तो लवकर विरघळून जातो, म्हणून पुन्हा पुन्हा फवारावा लागतो. मग डीडीटी आला. १९४५-४६ मध्ये मुंबई इलाख्यातील कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारला. त्याचा परिणाम एका फवारणीत आठवडेच्या आठवडे टिकत होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५५ मध्ये दिल्लीच्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कारखान्यातून डीडीटी बाहेर पडू लागला. ज्या देशात दरवर्षी लाखो माणसे तापाने मरत होती, त्याने टिकाऊ आणि स्वस्त द्रव्य निवडले यात नवल नाही. टिकाऊपणा हा त्या काळी निखळ गुण होता. तोच पुढे मातीत, दुधात आणि माणसाच्या चरबीत साठू लागल्यावर दोष ठरला. आणि उन्हाने नाहीसे होण्याचा जुना दोष गुण म्हणून सांगितला जाऊ लागला. द्रव्ये तीच राहिली, माणसांचा हिशेब बदलला.

हा हिशेब बदलायला भारतात एक भयंकर घटना फार लवकर घडली होती. १९५८ साली केरळात आणि लगतच्या मद्रास राज्यात जहाजातून आलेला गहू आणि पीठ यांत पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेले. दोन्ही माल एकत्र वाहिले गेले होते. ते अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चौकशी झाली, समित्या बसल्या आणि दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. कोणतेही कीटकनाशक विकायचे असेल तर आधी नोंदणी आणि त्यासाठी परिणामकारकतेचे व सुरक्षिततेचे पुरावे, ही चौकट त्या कायद्याने घालून दिली. त्याच कायद्याच्या ३८व्या कलमात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरले, तर त्या वापराला हा कायदा लागू होत नाही. शेतकरी स्वतःच्या पिंपात निंबोळी भिजवतो, तेव्हा तो या खिडकीतून ये-जा करत असतो. या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण पुढच्या गोष्टीत त्याचे महत्त्व आहे.

प्रधानांच्या प्रयोगाच्या तीन वर्षे आधी, १९५९ मध्ये, हाइनरिख श्मुट्टरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने सुदानात टोळधाड पाहिली होती. सारा परिसर उजाड झाला असताना भारतातून तिकडे गेलेली कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी उभी होती. श्मुट्टरर पुढे गीसन विद्यापीठात गेले आणि त्यांनी या एका झाडाच्या अभ्यासाला आयुष्य दिले. कडुनिंबावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८० मध्ये त्यांच्या देशात भरली. दरम्यान १९६८ साली इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी मुख्य द्रव्य वेगळे केले. त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग भुकेल्या टोळांपुढे ठेवायचा, आणि टोळ ज्याला तोंड लावणार नाही तो भाग पुढे शुद्ध करत न्यायचा. रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत मोजमापाचे यंत्र म्हणून टोळच काम करत होता. सिद्दीकींनी कडूपणाचा माग काढला होता. कीलच्या संशोधकांनी टोळाच्या नकाराचा माग काढला, आणि त्यांना वेगळी वस्तू सापडली. तिचे नाव अ‍ॅझाडिरॅक्टिन. झाडाच्या शास्त्रीय नावातून ते आले, आणि ते शास्त्रीय नाव आले फारसीतील 'आझाद दरख्त', म्हणजे मुक्त वृक्ष, या शब्दांवरून.

अ‍ॅझाडिरॅक्टिनचा रेणू विलक्षण गुंतागुंतीचा आहे: कार्बनचे ३५, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे १६ अणू. त्याची रचना निश्चित व्हायला १९८५ उजाडले, आणि केंब्रिजमधील स्टीव्हन ले यांच्या गटाने तो प्रयोगशाळेत पूर्णपणे घडवला तो २००७ साली, २२ वर्षांच्या खटपटीनंतर. त्या कृतीत ७० हून अधिक पायऱ्या आहेत. एवढ्या पायऱ्यांनी कोणी फवारणीचे औषध बनवणार नाही. म्हणून आजही जगातल्या प्रत्येक अ‍ॅझाडिरॅक्टिनच्या बाटलीमागे कोणीतरी झाडाखाली वाकून वेचलेली निंबोळी असते.

हे द्रव्य करते काय? ते पाने चावणाऱ्या कित्येक कीटकांची खाण्याची इच्छा मारते. पोटात गेलेच तर कात टाकण्याची क्रिया चालवणाऱ्या संप्रेरकांच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे अळी पुढच्या अवस्थेत नीट जाऊ शकत नाही. प्रौढ मादीची अंडी घालण्याची क्षमताही घटते. हे सारे दिवसांच्या हिशेबाने घडते. सकाळी फवारले आणि संध्याकाळी अळ्या मेल्या, असे होत नाही. सस्तन प्राण्यांत कात टाकणे हा प्रकारच नसल्याने हा घाव आपल्यावर बसत नाही, हे तिच्या सौम्यपणाचे एक कारण. फुलांवर येणाऱ्या मधमाशीने पान चावलेले नसते, म्हणून तिलाही तुलनेने कमी धोका.

प्रयोग, झाड आणि शेतकरी इथे असताना पहिले व्यापारी उत्पादन मात्र अमेरिकेत नोंदले गेले. विस्कॉन्सिनमधील लाकडाचे आयातदार रॉबर्ट लार्सन यांनी भारतात कडुनिंबाचा उपयोग पाहिला, १९७० च्या दशकात बिया नेल्या, अर्कावर काम केले आणि १९८५ मध्ये 'मार्गोसान-ओ' या उत्पादनाला तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मान्यता मिळवली. पुढे १९८८ मध्ये हे हक्क डब्ल्यू. आर. ग्रेस या रसायन कंपनीकडे गेले. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटून हजारो माणसे मेली होती. तो वायू सेव्हिन नावाच्या कीटकनाशकाचा कच्चा माल होता. कीटकनाशक शेतात पोहोचण्याच्या आधीच एका शहराचा घास घेऊ शकते, हे जगाला त्या रात्री कळले. सौम्य पर्यायांची मागणी वाढणार हे उघड होते, आणि त्या मागणीची तयारी ज्यांनी कागदावर आधी केली त्यांच्याकडे हक्क गेले. ग्रेस कंपनीने कर्नाटकातील तुमकुर येथे भागीदारीत निंबोळी प्रक्रियेचा कारखानाही उभारला.

पेटंटाच्या प्रसिद्ध लढ्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. कडुनिंबाच्या झाडाचे पेटंट कोणी घेतले नव्हते. अमेरिकेतील पेटंटे अर्क टिकाऊ करण्याच्या कृतींची होती. युरोपात ग्रेस कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना १४ सप्टेंबर १९९४ रोजी मिळालेले पेटंट तर कीटकांविषयीही नव्हते. निंबोळीतून विशिष्ट रीतीने काढलेल्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याची ती पद्धत होती. त्याविरुद्ध १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतील ग्रीन गटाच्या माग्दा आलव्हूत आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी आक्षेप दाखल केला.

९ आणि १० मे २००० रोजी म्युनिकमध्ये सुनावणी झाली. तिथे साक्ष देणाऱ्यांत बनारस हिंदू विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यू. पी. सिंग होते, आणि पुण्याचे उद्योजक अभय फडके होते. फडके यांनी सांगितले ते असे, की पेटंटाच्या अर्जाच्या कितीतरी आधी, १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात, पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समोर अशाच अर्काच्या चाचण्या घेतल्या गेल्या होत्या. गुप्ततेचा करार नव्हता. ज्याला पाहायचे त्याने पाहिले. पेटंट कार्यालयाने हा पुरावा ग्राह्य धरला आणि पेटंट रद्द केले. त्याविरुद्धचे अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

या निकालाच्या आनंदात दोन गोष्टी झाकल्या गेल्या. पहिली कायद्याची. युरोपीय पेटंट कायदा जगात कुठेही झालेला उघड वापर 'आधीचे ज्ञान' म्हणून मानतो. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरेसा नव्हता. परदेशातले ज्ञान तिथे मोजले जाई ते छापलेले असेल तरच. हा फरक मार्च २०१३ मध्ये नवा कायदा लागू झाला तेव्हा मिटला. म्हणून हळदीने जखमा भरण्याचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेताना, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आजीच्या बटव्याचा दाखला दिला नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवला. सांगलीच्या शेतातली साक्ष म्युनिकमध्ये चालली. ती वॉशिंग्टनमध्ये चालली नसती. युरोपच्या निकालाने अमेरिकेतील पेटंटांना धक्काही लागला नाही. या अनुभवांतूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारले गेले. संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतील कृती पाच आंतरराष्ट्रीय भाषांत नोंदवून पेटंट तपासनिसांच्या हाती देणे, हा त्याचा हेतू. कागदाच्या जगात कागदानेच लढावे लागते, हे शहाणपण महाग पडून आले.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. साक्षीला जो उपयोग पडला तो कणगीतल्या पाल्याचा नव्हता. तारीख, ठिकाण, पीक आणि पाहणारे यांची नोंद असलेल्या चाचणीचा होता. परंपरेच्या नावाने जिंकलेला हा खटला प्रत्यक्षात नोंदींनी जिंकला. ही गोष्ट गौरवाच्या भाषणांत बहुधा सुटून जाते.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हा समजही या इतिहासात टिकत नाही. तंबाखूच्या कचऱ्यापासून बनणारे निकोटीन सल्फेट एके काळी भारतात कीटकनाशक म्हणून वापरले जाई. ते शंभर टक्के वनस्पतिजन्य आहे आणि अतिशय विषारी आहे. भारतात त्याच्या वापरावर बंदी आहे, निर्यातीसाठी उत्पादन तेवढे चालते. डेरिस वेलीच्या मुळांतील रोटेनोन मासे मारण्यासाठी आणि पिकांवर वापरले गेले; २००० साली उंदरांवरील प्रयोगांत त्याने कंपवातासारखी लक्षणे निर्माण झाल्याचे दिसले. खुद्द निंबोळीचे तेल घरगुती औषध म्हणून तान्ह्या मुलांना पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याचे अहवाल १९८० च्या दशकाच्या आरंभी मलेशियातून आले. ओल्या निंबोळ्या ढिगात राहिल्या तर त्यांवर अफ्लाटॉक्सिन निर्माण करणारी बुरशी चढते. जोखीम कमी आहे हे मूळ पाहून ठरत नाही, ते मात्रा पाहून आणि संपर्क पाहून ठरवावे लागते. अ‍ॅझाडिरॅक्टिन त्या परीक्षेत उत्तम उतरले आहे. म्हणून ते कमी जोखमीचे.

मग ते सगळ्या शेतांत का नाही? महाराष्ट्रात कृषी खाते आणि कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे ५ टक्के निंबोळी अर्काची शिफारस करत आली आहेत. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, लिटरभर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळायचा आणि एकूण द्रावण शंभर लिटर करायचे. त्याच दिवशी, शक्यतो संध्याकाळी, फवारायचे. कारण ऊन अ‍ॅझाडिरॅक्टिनला काही दिवसांत निकामी करते. कृती सोपी वाटते. पण निंबोळ्या गोळा करण्याचे दिवस आणि पेरणीचे दिवस जवळपास एकच, आणि मजूर त्याच वेळी मिळत नाहीत. फवारणी किडीच्या लहान अवस्थेत झाली पाहिजे; अळ्या मोठ्या झाल्यावर अर्क फारसे काही करू शकत नाही. आणि किती टक्के परिणाम मिळेल हे झाड, पाऊस, वाळवण, साठवण यांवर अवलंबून राहते. बीच्या मगजातील अ‍ॅझाडिरॅक्टिनचे प्रमाण झाडागणिक दुप्पट-तिप्पट बदलू शकते. दुकानातील बाटलीवर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम असे छापलेले असते. घरच्या पिंपावर काहीच छापलेले नसते.

उलट बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मृत्युमुखी पडले. माणसाच्या उंचीइतक्या वाढलेल्या कपाशीत, उकाड्यात, तोंडाला साधे फडके बांधून, कधी दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणी होत होती. त्या वर्षी निंबोळी अर्काने बोंडअळी आवरली असती, असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. परंतु हंगामाच्या सुरुवातीच्या दोन-तीन फवारण्या, ज्या रस शोषणाऱ्या किडींसाठी होतात, त्यांत सौम्य द्रव्याला जागा होती. तेवढ्यानेही पाठीवर पंप घेऊन शिवारात शिरणाऱ्या मजुराच्या अंगावर पडणारे विष कमी झाले असते. कमी जोखमीच्या द्रव्याचा पहिला लाभार्थी ग्राहक नसतो, फवारणारा असतो.

निंबोळीला आता आणखी एक मोठा गिऱ्हाईक आहे. १९७१ मध्ये त्याच पुसा संस्थेतील बैन्स, राजेंद्र प्रसाद आणि भाटिया यांनी कडुनिंबाच्या घटकांमुळे युरियातील नत्र जमिनीत सावकाश सुटते, असे दाखवले होते. ४४ वर्षांनी, २०१५ मध्ये, देशात बनणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक युरिया वापरणाऱ्या देशात हा लेप म्हणजे तेलाची केवढी मागणी, याची कल्पना करता येईल. गुजरातेत खत कारखान्यासाठी निंबोळ्या वेचणाऱ्या गावोगावच्या बायकांना त्यातून रोख पैसा मिळू लागला, ही चांगली बाब. पण तीच निंबोळी अर्कासाठी हवी असलेल्या शेतकऱ्याला आता कारखान्याशी स्पर्धा करावी लागते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने २,४८१ कोटी रुपयांच्या नैसर्गिक शेती राष्ट्रीय अभियानाला मान्यता दिली. त्यात दहा हजार जैव-निविष्ठा केंद्रांची योजना आहे, म्हणजे निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क यांसारखी द्रावणे गावपातळीवर तयार मिळावीत. इथे १९६८ च्या कायद्यातील ती खिडकी पुन्हा समोर येते. स्वतःच्या शेतासाठी केलेला अर्क कायद्याबाहेर आहे. शेजाऱ्याला कीटकनाशक म्हणून विकला की नोंदणीचा, चाचण्यांचा आणि मात्रेचा प्रश्न उभा राहतो. दहा झाडांच्या पाल्यापासून, गावागावांत वेगळ्या रीतीने, महिनाभर आंबवून केलेल्या दशपर्णी अर्कात कोणते द्रव्य किती आहे, हे बाटलीवर लिहायचे तर आधी मोजावे लागेल. अ‍ॅझाडिरॅक्टिन मोजण्याची उपकरणे कृषी विद्यापीठांत आहेत. निंबोळी केंद्रात आणि उपकरण विद्यापीठात, हे अंतर अजून कापायचे आहे.